दुसऱ्याचं पासबुक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

जयंती अंकासाठी लेख द्या, असं मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी काही शास्त्री-पंडित नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, ३७ वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस. पोथी वाचतो, गुरुवारी आरतीला उभा राहतो, वर्षातून दोन-तीनदा वाडीला जाऊन येतो, एवढंच. त्यावर ते म्हणाले, "कट्ट्यावर बोलता तेच लिहा की." तेव्हा आरतीनंतर देवळाच्या कट्ट्यावर ज्या एका विषयावरून माझी आणि इतर ज्येष्ठांची हमखास खडाजंगी होते, तोच विषय घेतो. पटलं तर घ्यावं, नाही तर सोडून द्यावं.

विषय साधा आहे. कुणाच्या घरात आजार आला, कुणाचं तरुण पोर गेलं, कुणाला मूलबाळ झालं नाही, की आपण उसासा सोडतो आणि म्हणतो, "भोग आहेत हो. मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार, दुसरं काय." हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते आपण म्हटलं हेसुद्धा लक्षात येत नाही. माझा प्रश्न असा की हे म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आधीच सांगतो, मी कर्मसिद्धांत मानणारा माणूस आहे. त्याची टर उडवायला बसलेलो नाही. जन्मभर जमा-खर्च लिहिलेल्याला तो न पटेल तरच नवल. एका बाजूला नावे पडलं की दुसऱ्या बाजूला जमा पडतंच, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षीच शिकवलं जातं. करावं तसं भरावं हे त्याचंच घरगुती रूप. शास्त्रात कर्माचे तीन भाग सांगितलेत, ते आपल्या वाचकांना माहीत आहेत. संचित म्हणजे जन्मोजन्मीची मागील बाकी. त्यातला जो भाग या जन्मात भोगायला निघाला ते प्रारब्ध. आणि आत्ता, या क्षणी आपण जे करतोय ते क्रियमाण. जुने लोक बाणाचा दाखला देतात. संचित भात्यातला बाण, प्रारब्ध सुटलेला बाण आणि क्रियमाण धनुष्यावर चढवलेला. मी माझ्यापुरता त्याला मागील बाकी, मुदत भरलेली ठेव आणि आजचं व्हाऊचर असं समजतो. उपमेवर कुणी हसलं तरी हरकत नाही.

तर भांडण सिद्धांताशी नाही, तो कुणाच्या खात्याला लावायचा याच्याशी आहे.

माझ्या आईला उतारवयात संधिवाताने फार छळलं. बोटं वाकडी झाली होती, वेणी घालता येत नव्हती. ती म्हणायची, "माझे भोग आहेत, इथेच फेडून जाऊ दे म्हणजे पुढं राहायला नको." हे ती म्हणायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असायचा. कुणावर राग नाही, देवाशी भांडण नाही. त्या वाक्याच्या आधारावर तिने ११ वर्षं काढली. औषधाच्या गोळीइतकाच त्या वाक्याचा तिला उपयोग झाला, असं मी म्हणेन. आणि एकदा समाचाराला आलेल्या एका बाईंनी तेच वाक्य तिला उलट ऐकवलं. "काय हो केलं होतंत मागच्या जन्मी, एवढं सोसावं लागतंय!" बाईंच्या मनात वाईट काही नसेल, बोलायचं म्हणून बोलून गेल्या. पण त्या रात्री आई जेवली नाही. शब्द तेच होते. फक्त 'माझे' होतं तिथे 'तुमचे' आलं, आणि औषधाचं विष झालं.

मला वाटतं सगळं मर्म इथेच आहे. हा सिद्धांत प्रथमपुरुषी एकवचनात म्हणायचा आहे. माझं दुःख, माझं कर्म, मी भोगीन, मी सुधारेन. त्यातून माणसाला बळ येतं आणि जबाबदारीही येते. तृतीयपुरुषात गेलात की तो न्यायनिवाडा होतो.

बँकेत १९८१ साली रुजू झालो त्या दिवशी टेबलाशी बसण्याआधी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. विश्वासाचं आणि गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर कुणाला सांगणार नाही, असा त्याचा आशय. त्या वेळी सगळं हाताने लिहायचं. ही जाडजूड लेजरं, शाईने बरबटलेली बोटं, आणि बॅलन्सिंग जुळेपर्यंत घरी जायची सोय नाही. सगळ्या गावाची खाती डोळ्यांखालून जायची. कुणाचं घर कर्जात बुडालंय, कोणता प्रतिष्ठित माणूस आतून पोकळ आहे, कुणाच्या विधवा सुनेच्या नावावर सासऱ्याने गुपचूप पैसे ठेवलेत. लग्नसराईत तर हटकून कुणीतरी काउंटरवर ओणवं होऊन विचारायचं, "आमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या खात्यात साधारण किती असतील हो?" त्यावर हसून "तुमचं पासबुक भरून देऊ का?" एवढंच म्हणायचं. प्रत्येकाने आपलं पासबुक बघावं. दुसऱ्याचं उघडायचं नाही, आणि उघडं सापडलं तर मिटून ठेवायचं.

आणि तिथे तर खरंखुरं लेजर आमच्यासमोर असायचं! इथे, कर्माच्या बाबतीत, आपण लेजर पाहिलेलंसुद्धा नाही. चित्रगुप्ताने आपल्याला मदतनीस कारकून म्हणून नेमल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. तरी आपण बेधडक सांगतो की अमक्याच्या नावे पाप पडलेलं आहे.

हे मी नुसतं तत्त्व म्हणून लिहीत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आता तिशी ओलांडून गेली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे तिला चालता येत नाही, बोलणंही घरच्यांनाच कळतं. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी म्हणाल तर माणसं बरोबर ओळखते, गाणं लागलं की मान डोलावते, आणि देवळातली घंटा वाजली की तिच्या आनंदाला पारावार राहत नाही. बहीण लग्नाआधीपासूनची दत्तभक्त. ती लेकीला कडेवर घेऊन दर गुरुवारी देवळात जायची. पोर मोठी होत गेली तसे बाकीच्यांचे प्रश्न वाढत गेले. "जन्मतःच का हो?" मग एक सुस्कारा. मग, "काय करणार, ज्याचे त्याचे भोग." कुणी म्हणे पितृदोष असेल, नारायण नागबळी करा. कुणी म्हणे तुमच्या घराण्यात कुणीतरी गाय मारली असेल. एकदा एका वयस्कर गृहस्थांनी तीर्थ घेताघेता, तिच्यासमोर, पोरीसमोर, शेजारच्याला समजावून सांगितलं की अशी मुलं म्हणजे आईबापांचं मागचं देणं असतं. त्या गुरुवारनंतर बहीण देवळात आली नाही. चार वर्षं आली नाही. घरी पादुका आहेत तिथे पूजा करायची, पोथी वाचायची, पण देवळाची पायरी चढली नाही. मी एकदा खूप आग्रह केला तेव्हा म्हणाली, "दादा, महाराजांना भेटायला मला काही अडचण नाही रे. वाटेतली माणसं ओलांडवत नाहीत."

देवळाच्या दारातून एका भक्ताला परत पाठवणं केवढी मोठी गोष्ट आहे, याचा विचार करा. आपल्यापैकी कुणी तिला हाकललं नव्हतं. सगळ्यांनी हळहळच व्यक्त केली होती.

आता दत्तसंप्रदायाकडे येतो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला आपल्याच घरात, अगदी दत्तजन्माच्या कथेत सापडलं. आपल्याला सर्वांना ठाऊक असलेली कथा गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली. तिन्ही देव अतिथी होऊन येतात आणि अनसूयामातेपुढे बाळं होतात. पण मार्कंडेय पुराणात दत्तजन्माची दुसरी एक कथा आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कौशिक नावाचा एक ब्राह्मण होता. त्याला कुष्ठ झालेलं. सर्वांगाला व्रण, स्वभाव तापट. अशा नवऱ्याची बायको मनोभावे सेवा करायची. एकदा त्याला रस्त्यावरून जाणारी वेश्या दिसली आणि तिच्याकडे मला घेऊन चल म्हणून त्याने हट्ट धरला. चालवत तर नव्हतं. बायकोने त्याला खांद्यावर घेतलं आणि रात्रीच्या काळोखात निघाली. (हा भाग वाचून आजच्या मुली-सुना चिडतात आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. त्या नवऱ्याची तरफदारी मी करत नाही. मला कथेत पुढे जायचंय.) वाटेत सुळावर चढवलेले मांडव्य ऋषी होते. अंधारात कौशिकाचा पाय त्यांना लागला, सूळ हलला, वेदना झाल्या, आणि त्यांनी शाप दिला की ज्याने मला धक्का दिला तो सूर्य उगवताच मरेल. त्यावर ती बायको म्हणाली, मग सूर्य उगवणारच नाही. आणि उगवला नाही. रात्रीमागून रात्र. यज्ञयाग थांबले, देव हवालदिल झाले आणि शेवटी अत्रिपत्नी अनसूयेला शरण गेले.

इथे थांबून पाहा. या कौशिकाच्या नावे बोलायला किती सोपं होतं! महारोगी म्हणजे पूर्वजन्मीचा पापी, आणि या जन्मीचे गुण तर समोर दिसतच होते. मेला तर सुटला, आणि बायकोही सुटली, असं कट्ट्यावर बसलेल्या कुणीही म्हटलं असतं. अनसूयामाता त्या बाईकडे गेली. तिने आधी तिचं क्षेमकुशल विचारलं. सूर्य उगवू दे, तुझ्या नवऱ्याला मी परत देईन असा शब्द दिला. सूर्य उगवला, कौशिक शापाप्रमाणे गतप्राण झाला, आणि मातेने आपल्या तपाच्या बळावर त्याला उठवलं, तेही रोगमुक्त आणि तरुण करून. त्याच्या मागच्या जन्माचा हिशोब तिने मागितला नाही. देव प्रसन्न झाले, वर माग म्हणाले, आणि तिने ब्रह्मा, विष्णू, महेश माझ्या पोटी यावेत असं मागितलं. त्यातून सोम, दत्तात्रेय आणि दुर्वास जन्माला आले. म्हणजे आपलं दैवत ज्या प्रसंगाचं फळ म्हणून भूमीवर आलं, तो प्रसंग एका नकोशा वाटणाऱ्या रोग्याला विनाचौकशी जवळ करण्याचा आहे.

आणि मातेचं नाव पाहा. असूया म्हणजे आपण मराठीत मत्सर म्हणतो. संस्कृतातला तिचा अर्थ आणखी बारीक आहे. दुसऱ्याच्या ठायी दोष शोधत राहणं, गुणातही खोट काढणं. ती वृत्ती जिच्यात नाही ती अनसूया. दत्तमहाराज तिच्या पोटी आले हे आपण दरवर्षी पाळणा हलवताना म्हणतो.

आता तो सुळावरचा मांडव्य कोण? त्याची गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. मौन धरून तप करत बसलेला हा ऋषी. चोरांनी चोरीचा ऐवज आणून त्याच्या आश्रमात लपवला. शिपाई मागावर आले, विचारलं, याचं मौन, हा बोलला नाही. ऐवज सापडला. राजाने चोर समजून सुळावर चढवलं. आता त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी काय म्हटलं असेल? सुळावर आहे म्हणजे काहीतरी केलं असणारच! शिक्षा दिसतेय त्याअर्थी गुन्हा आहेच, हे आपलं तर्कशास्त्र तेव्हाही असंच असेल. आणि ते साफ चुकीचं होतं, चोरी त्याने केलीच नव्हती. पुढे तो यमधर्माकडे गेला आणि जाब विचारला की माझं कोणतं पाप होतं? धर्म म्हणाला, लहानपणी तू पतंगांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य म्हणाला, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? आणि तेही अजाण वयातलं? त्याने धर्मालाच शाप दिला, तो विदुर होऊन जन्माला आला, आणि मांडव्याने नियम घातला की चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर खुद्द यमाच्या दप्तराचं ऑडिट झालं आणि शेरा मारला गेला! महाभारतकारांना हे लिहायला भीती वाटली नाही. जिथे धर्मराजाची नोंदसुद्धा वादात सापडते तिथे तीर्थ घेताघेता निकाल देणारे आपण कोण?

यावर कट्ट्यावरचे एक मित्र मला नेहमी अडवतात. ते पारायणं केलेले आहेत, त्यांचा मुद्दा मी टाळत नाही. ते म्हणतात, गुरुचरित्रात तर महाराज स्वतःच लोकांना पूर्वजन्मीचं पाप सांगतात. खरं आहे. चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण गाणगापूरला येतो, तेव्हा श्रीनृसिंहसरस्वती त्याला हे मागच्या पापाचं फळ असल्याचं सांगतात. पण तो अध्याय पुढे वाचा. सांगून महाराज थांबत नाहीत. त्याच वेळी तिथे सरपणासाठी आणलेलं औदुंबराचं वाळकं लाकूड असतं, ते त्याच्या हातात देतात. संगमावर जा, स्नान कर, हे लाकूड रोव आणि रोज तीन वेळा पाणी घाल. पालवी फुटेल तेव्हा तुझं पाप जाईल. म्हणजे ज्याचं खातं त्यालाच दाखवलं, पाहण्याचा अधिकार असणाऱ्याने दाखवलं, आणि दाखवताना फेडीची वाटही दिली. लोक मात्र काय करत होते? ते त्याला वेडा ठरवत होते, वाळक्या लाकडाला कुठे पालवी फुटते का म्हणून हसत होते, त्याची तक्रार महाराजांकडे घेऊन जात होते. शेवटी महाराज स्वतः संगमावर आले, कमंडलूतलं पाणी त्या लाकडावर शिंपडलं. लाकूड पालवलं आणि तो बरा झाला. ज्याच्या हातात कमंडलू आहे त्याने खुशाल पाप सांगावं. मी मित्राला एवढंच म्हणतो, आपल्या हातात आहे का तो?

बँकेत आणखी एक पद्धत होती. कधीकधी एखादी रक्कम येते, पण ती कुणाच्या खात्याची याचा पत्ता नसतो. व्हाऊचर अर्धवट असतं, नाव जुळत नाही. अशा वेळी अंदाजाने कुणाच्याही खात्यात ती टाकायची नाही, हा पहिला धडा. नवा पोरगा असेल तर त्याला बॅलन्सिंग जुळवायची घाई असते, तो म्हणतो, बहुतेक यांचीच असेल, टाकू का? त्याला थांबवायचं. त्यासाठी सस्पेन्स खातं असतं. खुलासा होईपर्यंत नोंद तिथे राहते. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल मी आता हेच करतो. निष्पाप लेकराला असं का व्हावं? मला ठाऊक नाही. देव न्यायी आहे यावर माझा विश्वास आहे आणि हे मला समजत नाही, या दोन्ही गोष्टी मी एकत्र बाळगून आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनीच अर्जुनाला बजावलंय की कर्म-अकर्माच्या बाबतीत भलेभले जाणते गोंधळतात, कर्माचा माग लागणं अवघड आहे. मग मला तो लागत नाही यात कमीपणा कसला? आपल्याला अनुत्तरित प्रश्नाची भीती वाटते. दुसऱ्याच्या नावे पाप टाकलं की आपला हिशोब जुळल्यासारखा वाटतो, आणि 'आपल्याला असं काही होणार नाही' अशी आत कुठेतरी खात्रीही पटते. त्या सुस्काऱ्यात हळहळ असते तसा हा दिलासाही असतो. कडू आहे, पण खरं आहे.

२०१९ चा महापूर आठवा. सांगली, शिरोळ, कोल्हापूर, सगळा मुलूख पाण्याखाली. दक्षिणद्वार सोहळ्याला आपण ज्या पाण्यात श्रद्धेने स्नान करतो तेच पाणी लोकांच्या माळ्यापर्यंत चढलं. तेव्हा कुणी विचारलं का, सांगलीकरांनी मागच्या जन्मी काय केलं? सगळे कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून पुढे किती सोडलं, याचे आकडे विचारत होते. आणि हातात पोळीभाजीची पाकिटं घेऊन होडीकडे पळत होते. एकट्यादुकट्याचं घर बुडालं की मात्र आपल्याला पूर्वजन्म आठवतो. धरणाची चौकशी राहते बाजूला. पाकिटं तर नाहीतच.

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. समजा, घटकाभर धरून चालू की समोरच्याचं दुःख हे त्याचं प्रारब्धच आहे. पण ते पाहून मी जे करतो ते कुणाचं काय? ते माझं क्रियमाण. त्याची मागची नोंद मला दिसत नाही, पण या क्षणाची माझी नोंद मात्र होतेय. बहिणीच्या त्या प्रसंगात मुलीच्या संचिताबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पण आईसमोर ते वाक्य उच्चारलं गेलं, हे क्रियमाण तिथल्या तिथे कुणाच्या तरी खात्यावर चढलं. इतकी साधी गोष्ट आहे. 'त्याचे भोग आहेत, मी मध्ये पडून काय उपयोग' असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, तू मध्ये पडणं हाही त्याच्या भोगातला उतारा नसेल कशावरून? नाथमहाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जनार्दनस्वामींसारख्या दत्तभक्ताचा शिष्य, काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला न्यायची होती, ती वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातली. आपल्या हिशोबाने पाहिलं तर गाढवाचा जन्म हाच केवढा मोठा भोग! नाथांनी तो हिशोब मांडत बसायचं ठरवलं असतं तर तेवढ्यात गाढव मेलं असतं.

अवधूताने २४ गुरू केले, त्यांत पिंगला वेश्याही आहे. तिच्याकडून नैराश्यातलं सुख घेतलं, आशा सोडण्याचा धडा घेतला. तिच्या पूर्वायुष्यावर शेरा मारला नाही. हे जाता जाता सांगितलं.

याच चालीवर श्रीमंताची 'पुण्याई' काढणंही मला खटकतं. बंगला बांधला की मागच्या जन्मीचं पुण्य! कर्जखात्यांच्या फायली हाताळलेल्या माणसाला त्या पुण्याईबद्दल जास्त न बोलणंच बरं.

मग बोलायचं काय, असं कुणी विचारेल. समाचाराला गेलो, देवळात कुणी दुःखी भेटलं, तर गप्प बसायचं का? गप्प बसणं वाईट नाही. दोन मिनिटं शेजारी बसलं तरी माणसाला पोचतं. पण बोलायचंच असेल तर एक उदाहरण सांगतो. आमच्या देवळाबाहेर एक म्हातारी मावशी हार-फुलं आणि तुळस घेऊन बसते. शाळेचं तोंड न पाहिलेली. चार वर्षांनी बहीण एकदा संध्याकाळी गर्दी नसताना लेकीला व्हीलचेअरवर घेऊन आली, तेव्हा मी बरोबर होतो. मावशीने दोघींकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता येणार तो प्रश्न. पण मावशीने "हिला काय झालंय" असं विचारलंच नाही. ती म्हणाली, "काय आवडतं वो लेकीला?"

बहीण जरा गडबडली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला देवळाच्या दारात कुणी विचारला नव्हता. मग म्हणाली, "घंटा आवडते. आणि वाडीची कवठाची बर्फी."

"बर्फी काय माज्याकडं न्हाई," मावशी म्हणाली, "पर घंटा हाय की आत. चला." आणि फुलांची पाटी तशीच टाकून ती व्हीलचेअरला हात लावायला उठली. पायऱ्या तीन होत्या. मी एका बाजूने धरलं, मावशीने दुसऱ्या बाजूने. घंटेची दोरी पोरीच्या हाताला पुरत नव्हती, म्हणून मावशीने आपल्या टोपलीतला हार ओवायचा जाड दोरा काढला आणि दोरीला बांधून खाली सोडला. तो अजून तसाच आहे. या जयंतीला देवळात आलात तर डाव्या बाजूच्या घंटेला पाहा, आणि अडचण होते म्हणून कुणी तो सोडू नये एवढी विनंती आहे.